डिप्परवर दिसलं पाहिजे

रस्त्याकडेचा खांब किंवा पुलाचा कठडा रंगवायला गेलो की मी लगेच डबा उघडत नाही. आधी उकिडवा बसतो आणि जमीन बघतो. पिवळं प्लास्टिक पडलेलं असेल तर ते इंडिकेटरचं, पारदर्शक कपची असेल तर हेडलाइटची. मग खांबाचं अंग तपासायचं. गुडघ्याच्या उंचीला रबराचा काळा घासा दिसला तर ट्रॅक्टरचं चाक चाटून गेलेलं असतं. कमरेच्या जरा वर बारीक पण खोल खरवड असते ती मोटारसायकलच्या हँडलची. छातीच्या उंचीला कोपराच उडालेला असेल तर तिथं ट्रॉलीचा फाळका लागलाय. आसपास विचारलं तर जो तो एकच सांगतो, "पिऊन होता." खांब इतक्या घाईनं निकाल देत नाही. एकाच उंचीला, एकाच अंगाला वेगवेगळ्या गाड्यांचे रंग एकावर एक घासले गेले असतील तर ते सगळेच काही पिऊन नव्हते. त्या जागी खांब वेळेवर दिसत नाही, एवढंच मी धरून चालतो.

मी मूळचा पाट्या रंगवणारा. मोंढ्यातल्या अडत दुकानांच्या पाट्या, शटर, ट्रकच्या फाळक्यावरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, यावर आमचं पोट होतं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा इथल्या पेंटर लोकांची दिवाळी झाली. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, जिथं म्हणून 'जिल्हा परभणी' लिहिलेलं होतं तिथं पांढरा हात मारून 'जिल्हा हिंगोली' लिहायचं होतं. पुढं फ्लेक्स आला आणि हातानं दोन दिवसांत होणारी पाटी मशीन चहा पिऊन होईपर्यंत काढून द्यायला लागलं. ब्रशवाले कुणी घरं रंगवायला लागले, कुणी पुण्याला गेले. मी रस्त्यावर आलो, तेही दोन्ही अर्थांनी. एका ठेकेदाराकडं किलोमीटरचे दगड, मोरीचे कठडे, वळणावरचे गार्डस्टोन रंगवायचं काम धरलं.

तेव्हा या कामाकडं कुणी काम म्हणून बघत नसे. झाडांच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे आणि त्याच हातानं कठड्याला काळा-पांढरा. मोठ्या माणसाचा दौरा असला की हे रातोरात उरकायचं. पट्टा उभा, आडवा की तिरपा, हे मारणाऱ्याच्या मर्जीवर. एका म्हाताऱ्या शाखा अभियंत्यांनी मला पहिल्यांदा इंडियन रोड्स काँग्रेसचं ३५ नंबरचं पुस्तक दाखवलं. इंग्रजी मला यथातथाच, पण चित्रं कळतात. रस्त्यात किंवा रस्त्याला खेटून अडथळा असेल तर त्यावर ४५ अंशांत तिरपे पट्टे हवेत, पट्ट्याची रुंदी १०० मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि पट्ट्याचा उतार ज्या बाजूनं गाडी जायची त्या बाजूला हवा. खांब डाव्या हाताला असेल तर पट्टा उजवीकडं, म्हणजे डांबराकडं उतरला पाहिजे. खांब मधोमध असेल आणि दोन्हीकडून वाहतूक जात असेल तर मध्यावरून दोन्ही बाजूंना.

आपल्याकडच्या जुन्या पुलांवर चारही टोकांना पट्टे एकाच बाजूला उतरलेले दिसतील. रंगाऱ्यानं पत्र्याचा एक साचा कापला आणि तोच चारही ठिकाणी लावला. म्हणजे दोन टोकं गाडीला पुलावर बोलावतात आणि दोन टोकं ओढ्यात. दिवसा जाता-येता कुणाला यात काही खटकत नाही. रंग ताजा असतो, सगळं साफसूफ दिसतं. अंधारात ज्याला क्षणभरात ठरवायचं असतं त्याला मात्र तो उतारच वाट दाखवणार असतो.

अंधाराचा हिशोब मी पुढं स्वतःच कागदावर मांडून बघितला. ताशी ८० किलोमीटरनं चाललेली गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत रस्ता आखणारे लोक अडीच सेकंद धरतात. म्हणजे ५५ मीटर ब्रेक लागायच्या आधीच संपले. त्या वेगाला गाडी पूर्ण थांबेपर्यंत १२० मीटर लागतात असं ते धरून चालतात. आता डिप्परचा उजेड बघा. पन्नासेक मीटरच्या पुढं राखाडी सिमेंटचा खांब त्या उजेडात उठून दिसत नाही. अप्पर मारला तर दिसेल, पण समोरून गाडी येत असताना अप्पर मारता येत नाही. आणि दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असतात तेव्हाच गाडी डावीकडं कडेला सरकते, खांबाकडं. धडकलेला माणूस "डोळ्यावर लाइट आला" म्हणतो तेव्हा लोकांना ती सबब वाटते. मला वाटत नाही.

साधा ऑइल पेंट, कितीही पांढरा असला तरी, पडलेला उजेड चहूकडं उधळून टाकतो. ड्रायव्हरच्या डोळ्याकडं त्यातला चिमूटभर परत येतो. रेडियमची शीट मात्र उजेड आला त्याच वाटेनं माघारी धाडते. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात, नाहीतर भारी शीटमध्ये बारीक लोलक. चांगली शीट दीडशे मीटरच्याही पलीकडून पेटते. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यात गरम थर्मोप्लास्टवर मणी टाकतात तेही याचसाठी. मणी निम्म्याहून थोडा जास्त बुडायला हवा. पुरता बुडाला तर उजेड आत शिरत नाही, वरवर राहिला तर चाकाखाली उडून जातो. हेच मणी मुठीनं उभ्या कठड्यावर फेकणारे ठेकेदार मी पाहिलेत. निम्मे खाली मातीत पडतात, उरलेले पहिल्या पावसात जातात, आणि बिलात मात्र मणी लागलेले असतात. उभ्या खांबाला शीटच पाहिजे. तीही सिमेंटच्या खरबरीत अंगावर पकडत नाही, म्हणून आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवायची आणि मग पत्रा खांबाला ठोकायचा. ॲल्युमिनियम म्हटलं की भंगारवाला मागावर आलाच. एकदा माझी एक शीट पत्र्यासकट गायब झाली आणि पंधरवड्यानं एका उसाच्या ट्रॉलीच्या मागं झळकताना दिसली. मी त्या माणसाला काही बोललो नाही. त्या ट्रॉलीला मागं एकही दिवा नव्हता.

शीट जिवंत आहे की मेली हे बघायची युक्ती सोपी आहे. बॅटरी कानशिलाला, डोळ्याच्या अगदी शेजारी धरायची आणि तीसेक पावलांवरून बघायचं. तीच बॅटरी कमरेपाशी धरली तर तीच शीट मलूल दिसते. यात काय गोम आहे ते मला एका ट्रकमध्ये कळलं. अकोला-नांदेड आणि नागपूर-तुळजापूर हे दोन महामार्ग वारंगा फाट्यावर मिळतात. तिथं एका ढाब्यावर जेवून निघालेल्या ड्रायव्हरला मी म्हटलं, "वस्ताद, पुढच्या पुलापर्यंत केबिनमध्ये घेता का? माझं काम बघायचंय."

"काय काम करता?"

"पुलाचे कठडे. ते बघा, पुढं पिवळं-काळं चमकतंय."

"कुठं?" त्यानं प्रामाणिकपणे विचारलं.

मोटारसायकलवरून लख्ख दिसणारा तो कठडा केबिनमधून मिणमिणता होता. ट्रकचा दिवा कमरेच्या उंचीला असतो आणि ड्रायव्हरचा डोळा त्याच्या चांगला मीटर-दीड मीटर वर. शीट उजेड दिव्याकडं परत पाठवते. डोळा दिव्यापासून जितका लांब, तितका त्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. दूरवर असताना हा फरक फारसा जाणवत नाही, पण गाडी जवळ येईल तसा वाढत जातो. मोटारसायकलवाल्याचा डोळा दिव्याच्या जवळ असतो, म्हणून त्याला छान दिसतं. रस्त्याच्या कामावरचे आम्ही सगळे मोटारसायकलवाले. "दिसतंय की" हे प्रमाणपत्र आम्ही आमच्याच डोळ्यानं देत होतो आणि पुलावरून माल घेऊन जाणारे वेगळेच. तेव्हापासून मी लोलकाच्या भारी शीटसाठी भांडतो. ठेकेदार स्वस्त शीट आणतो, मी बॅटरी कानशिलाला लावतो, आणि वाद तिथून सुरू होतो.

कठडे, मोऱ्या ही सरकारची मालमत्ता, तिथं निदान पुस्तक दाखवता येतं. खरं डोकं खाल्लं ते गावांच्या कमानींनी. आमच्याकडं फाट्या-फाट्यावर कमान आहे. दोन जाड आरसीसी खांब, वर आडवा स्लॅब, त्यावर गावाचं नाव, ग्रामदैवत किंवा महापुरुषाचं नाव, आणि खाली देणगीदार. बऱ्याच कमानी बांधल्या तेव्हा गावचा रस्ता एकेरी, ३.७५ मीटरचा होता. खांब साइडपट्टीच्या बाहेर, शेताच्या बांधाला होते. मग रस्ता साडेपाच मीटर झाला, काही ठिकाणी ७ मीटर. डांबर सरकत सरकत खांबापाशी गेलं आणि कमान जागच्या जागी राहिली. विजेच्या खांबांचं तेच. रुंदीकरण झालं की ते निमूटपणे रस्त्यात येतात आणि हलवायची फाइल कुणाच्या टेबलावर आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

अशाच एका कमानीला धडकून एक पोरगा वाचला, पायावर निभावलं, तेव्हा गावच्या सरपंच ताईंनी मला बोलावलं. मी खांबाला पिवळे-काळे पट्टे आणि शीट सुचवली. पारावरून लगेच आवाज आला, "कमानीला काळं फासता का पेंटरमामा? टोलनाका वाटंल ना बाप्पा!" दुसरा म्हणाला, "वर देवाचं नाव अन् खाली काळा रंग, हे काही जमायचं न्हाई." त्यांचंही खोटं नव्हतं. वर्गणी काढून बांधलेली कमान, गावाचं तोंड ते. बराच वेळ चर्चा होऊन ठरलं की खालचा सव्वा मीटर माझा आणि वरचा सगळा गावाचा. तेवढा मला पुरे होता. डिप्परचा उजेड पडतो तो तेवढ्याच भागावर. वर त्यांनी केशरी दिला, गुलाबी कमळं काढून घेतली. ती मीच काढली आणि मनापासून काढली, कितीतरी वर्षांनी ब्रश नीट चालवायला मिळाला होता.

पण खांब रिकामा दिसला की फ्लेक्स येतो. वाढदिवस, जयंती, निवडून आल्याबद्दल अभिनंदन, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार. तो बांधायचा म्हणजे खांबालाच, आणि नेमका खालच्या सव्वा मीटरवर, कारण तिथं शिडी लागत नाही. आषाढीच्या आधी शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी, औंढा अशी आमच्या जिल्ह्यातून जाते. त्या वाटेवरच्या कमानींना स्वागतासाठी केळीचे खुंट बांधतात, तेही त्याच उंचीला. खुंट पुढं वाळून कोळ झाले तरी सुतळी सोडायला कुणी येत नाही. शेवटी गावातल्या पोरांशी बोलून फ्लेक्ससाठी दोन लोखंडी अँगल रोवून दिले, रस्त्यापासून चांगले लांब, बांधाच्या आत. वर्षातले काही महिने ते पाळतात. निवडणूक आली की कुणीच काही पाळत नाही.

गावकरी म्हणतात, आम्हाला खांब पाठ आहे. असेलही. पण नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव, नांदेडला आलेले शीख भाविक तिथं दर्शनाला येतात. औंढा नागनाथला महाशिवरात्रीला रात्रभर गाड्या असतात. या ड्रायव्हरना आमचा कुठला फाटा पाठ असायला? आणि पाठ असलेल्याचंही काही खरं नसतं. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की रस्त्याच्या एका अंगाला वाळत घालतात, कडेला दगड लावतात. रोजचा माणूस रोजच्या रस्त्यावरून दुसऱ्या अंगाला ढकलला जातो आणि कधी मधे न आलेला खांब त्या दिवशी मधे येतो. वसमतकडं पूर्णा कारखान्याचा गाळप हंगाम चालू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका मागं एक. पुढचं ट्रॅक्टर खांब चुकवतं, मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते. छातीच्या उंचीला कोपरा उडालेला दिसतो तो असा.

आणि आमची काळी माती. पहिल्याच पावसात चाकांनी उडवलेला चिखल खालच्या पट्ट्यांवर बसतो आणि वाळून घट्ट होतो. चिखलाखाली शीट कितीही भारी असो, काही परत पाठवत नाही. वळणाची कड दाखवायला रोवलेले शीटवाले खुंट, म्हणजे डेलिनेटर, तर पावसाळ्यात माती फुगली की एकीकडं आणि उन्हाळ्यात ती भेगाळली की दुसरीकडं कलतात. कलला की शीटचं तोंड शेताकडं होतं. खड्डा खोल घेऊन, खाली मुरूम भरून बुडाला काँक्रीट केलं तर पुष्कळ टिकतं. पण एस्टिमेटमध्ये खड्ड्याची खोली कुणीतरी टेबलावर बसून आधीच ठरवलेली असते.

बिलाचा फोटो भर दुपारी निघतो. ठिकाण आणि वेळ छापलेला फोटो, मोजमाप पुस्तिकेत चौरस मीटर, खाली सही. दुपारी बाराला कुठलाही पट्टा सुंदरच दिसतो. ठेकेदाराला वाईट म्हणण्यात अर्थ नाही, जे तपासलं जातं तेच तो नीट करतो. म्हणून मी सांगायला लागलो की तपासणी रात्री आठनंतर ठेवा. बहुतेकांनी हसून सोडून दिलं. एका तरुण अभियंता मॅडम मात्र खरंच जीप घेऊन एका पुलावर आल्या. पुलाच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटर मागं जाऊन त्यांनी ड्रायव्हरला डिप्परवर सावकाश पुढं यायला सांगितलं. चार टोकांपैकी तीन लांबूनच पेटली, चौथं काही केल्या उठेना. शीट नवी, साफ, सरळ. दोघांनी खाली उतरून बघितलं तेव्हा उलगडा झाला. पूल वळण संपता-संपता येतो. कठड्याचं तोंड पुलाच्या रेषेला काटकोनात, पण गाडी येते वळणातून, तिरपी. उजेड शीटवर इतका कलून पडत होता की तो परत यायला वावच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "मग पत्रा वेगळा लावून गाडीकडं वळवा ना मामा." तसा लावला. कठड्याच्या रेषेत नाही म्हणून दिवसा तो वाकडा दिसतो आणि येणारा-जाणारा मला अजून सांगतो, "तेवढा सरळ करून घ्या."

रंगाचं माहात्म्य मी फार वाढवून सांगत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. ते आणि त्यांच्या शेजारी मागं बसलेले जहांगीर पंडोल गेले. वेळ दुपारची होती. तिथं तीन लेनचा रस्ता पुलावर दोन लेनचा होत होता. भर उन्हात, भारी गाडीत. अशा ठिकाणी नुसत्या पट्ट्यांवर भिस्त ठेवणं चूकच. रस्ता सुरक्षा शिकलेले लोक एक क्रम सांगतात तो मला पटतो. आधी अडथळा काढून टाका. निघत नसेल तर लांब न्या. तेही होत नसेल तर क्रॅश बॅरियरनं झाका, आणि बॅरियरच्या मागं त्याला वाकायला जागा सोडा, नाहीतर तो खांबाला चिकटून खांबच होतो. यातलं काहीच होत नसेल तर रंगवा. म्हणजे माझा नंबर सगळ्यांनी हात टेकल्यावर लागतो, आणि आमच्या भागात तो बहुतेक वेळा पहिल्यांदाच लागतो, कारण रंग स्वस्त आहे. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९८अ कलम आलं. रस्ता ठरलेल्या निकषांप्रमाणे बांधला किंवा राखला नाही आणि त्यातून कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलमाची बातमी आली तेव्हा काही दिवस ठेकेदार "पुस्तकातलाच पट्टा मारा" म्हणत होते. आता पुन्हा आपलं जुनंच.

सगळं नीट झालं तरी एक गोष्ट कुठल्याच एस्टिमेटमध्ये नाही, ती म्हणजे धुणं. रंगवायला पैसे मिळतात, शीटला मिळतात, पुसायला मिळत नाहीत. त्या केशरी कमानीजवळ पंक्चरचं दुकान आहे. टायर तपासायच्या टबातलं पाणी त्या पोराला रोज संध्याकाळी फेकायचंच असतं. मी म्हटलं, "दादा, ते पाणी चिखलात काहून फेकता, खांबावर मारा आणि फडक्यानं एक हात फिरवा." त्यानं फुकट करायला साफ नकार दिला. फ्लेक्सवरचं त्याच्या दुकानाचं नाव उन्हानं पार उडालं होतं, ते त्याला हातानं लिहून पाहिजे होतं. पत्र्याला प्रायमर मारून मी पिवळ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहून दिलं: 'पंक्चर, हवा, ग्रीस'. खाली उरलेल्या शीटची एक पट्टीही लावली, ती त्यानं मागितली नव्हती. पावसाळा आहे तोवर तो खांब पुसतो. पुढं पाटीचा रंग उडाला की पुन्हा बोलू, असं त्यानं आत्ताच सांगून ठेवलंय.